नवा सर्व्हो

शेवटचा स्क्रू बसला तसा व्हर्नन ओल्सनने पेचकस खाली ठेवला आणि डाव्या हाताने कपाळ पुसलं. उजवा हात मांडीवर पडून होता. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तो तिथेच असायचा.

गॅरेजचं दार वर सरकवलेलं होतं. शेजारचा गवत कापत होता. टेबलावर व्हर्नचा रिमोटवर चालणारा ट्रक होता, हातभर लांब, वरचं प्लॅस्टिकचं कवच काढलेला. फुटपाथच्या कडेला आपटून त्याचा सर्व्हो गेला होता. सर्व्हो म्हणजे पुढची चाकं वळवणारी काडेपेटीएवढी मोटर. जुन्याचे आतले प्लॅस्टिकचे दाते झडले होते. व्हर्नने त्या जागी धातूच्या दात्यांचा, दुप्पट ताकदीचा नवा सर्व्हो बसवला होता. धडधाकट माणसाला अर्धा तास पुरतो. व्हर्नला नऊ दिवस लागले.

नऊ दिवसांपूर्वी त्याची मुलगी ज्युडिथ चिडून म्हणाली होती, "कुणाचीही मदत न घेता हा ट्रक नीट करून दाखव, डॅड. मग वृद्धाश्रमाचं नावसुद्धा काढणार नाही मी." चिडून का होईना, म्हणाली होती. म्हाताऱ्याने तिचा शब्द घट्ट धरून ठेवला. त्याच्या स्वतःच्या शब्दांचा आता भरवसा नव्हता; मनात एक असायचा आणि तोंडातून भलताच निघायचा.

त्याने टेबलावर थाप मारली. ज्युडिथ बटाट्याच्या सॅलडचे हात पुसत बाहेर आली. मागोमाग तिचा नवरा क्लेटन. गेले चौदा महिने व्हर्नला टबात बसवायचं आणि टबातून काढायचं काम क्लेटनकडे होतं. तो थकला होता, यात काही खोटं नाही.

"झालं? खरंच झालं?" ज्युडिथला आनंद झाला होता. तोही खराच.

व्हर्नने रिमोट तिच्याकडे सरकवला. तो चालवायला दोन हात लागतात. मग बोटाने उजवी बाजू दाखवली.

ज्युडिथने रिमोटचं चाक उजवीकडे फिरवलं. ट्रकची चाकं झटकन डावीकडे वळली. तिने डावीकडे फिरवलं. चाकं उजवीकडे गेली. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

आता खरं सांगायचं तर बिघडलं काहीच नव्हतं. नवा सर्व्हो कधी कधी जुन्याच्या उलट दिशेने फिरतो, आणि त्यासाठीच रिमोटवर नखाएवढं बटण असतं. ते सरकवलं की काम झालं. दोन-तीन सर्व्हो बदललेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. क्लेटनने वीसेक बदलले होते. त्यातला पहिला याच टेबलावर, आणि शिकवणारा व्हर्न.

"चमचा," व्हर्न म्हणाला. शब्द चुकला हे त्याचं त्यालाच कळलं. "चमचा! चमचा!" त्याने रिमोटकडे हात लांबवला.

"भूक लागली का तुला? थांब, देते हं." ज्युडिथने रिमोट मागे घेतला. "ओढू नको ना, डॅड, पडेल तो. क्लेट, हे असंच असतं का रे?"

व्हर्नने क्लेटनकडे पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. क्लेटला माहीत आहे. चेहऱ्याची जी बाजू हसू शकत होती, त्या बाजूने तो हसलासुद्धा.

क्लेटन वाकला. चाकांकडे बराच वेळ पाहत राहिला.

"नाही गं," तो म्हणाला. "सर्व्हो उलटा बसवलाय. सगळं खोलून पहिल्यापासून करावं लागेल."

"म्हणजे नाही जमलं?"

"जाऊ दे ना. किती धडपडले बिचारे."

व्हर्नने मूठ टेबलावर हाणली. स्क्रूंची डबी उडाली, स्क्रू फरशीभर झाले. तो ओरडत होता, आणि चमच्याखेरीज दुसरं काही बाहेर पडत नव्हतं. रागाने त्याचा चेहरा लाल झाला. ज्युडिथच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने त्याच्या डोक्यावर ओठ टेकले.

"तू खूप प्रयत्न केलास, डॅड. मी पाहिलंय ना रोज." मग नवऱ्याला म्हणाली, "वृद्धाश्रमवाल्यांनी आज बारापर्यंत खोली धरून ठेवलीय. फोन करून येते."

ती आत गेली. क्लेटनने दार लागेपर्यंत वाट पाहिली. मग रिमोट उचलला, नखाने बटण सरकवलं आणि ट्रक खाली फरशीवर ठेवला.

उजवीकडे म्हटलं की उजवीकडे. डावीकडे म्हटलं की डावीकडे. ट्रकने सांडलेल्या स्क्रूंमधून नागमोडी वाट काढली, खुर्चीभोवती एक चक्कर मारली आणि व्हर्नच्या सपातीपाशी येऊन थांबला. चाकं जराही थरथरली नाहीत.

"एकदम मधोमध बसवलात, व्हर्न," क्लेटन हळू आवाजात म्हणाला. कौतुक मनापासून होतं. "मला तर नसतं जमलं एका हाताने."

व्हर्न त्याच्याकडे पाहत होता.

"क्लेट," आतून ज्युडिथचा आवाज आला, "ट्रक बरोबर न्यायचाय का, विचार ना त्याला. तिथे अंगण आहे म्हणतायत."

क्लेटनने बटण पुन्हा होतं तिथे सरकवलं.

"नको म्हणतायत," त्याने ओरडून सांगितलं.