भरत नसलेली जखम

"तोंड उघडा. अजून. अजून," दातांच्या डॉक्टर प्रीती मॅडम म्हणाल्या.

बब्रुवाननं खुर्चीचा हात घट्ट धरला. आरशाची दांडी टाळूला लागली तसा तो कळवळला.

"हिरडी छान धरलीय. पण तिथं शिवायला टाळूची कातडी काढली, ती जागा भरत नाही. मागच्या खेपेला भरत आली होती. आता परत ओरबाडल्यासारखी दिसतेय. खाता काय?"

"गार आंबिल. दूधभात. लेक देती करून."

मॅडम दाराशी उभ्या असलेल्या राजेश्वरीकडं वळल्या. "भाकरीचा पापुद्रा दिलात? शेंगदाणे?"

"न्हाय हो. ताक बी गाळून देते." एवढ्या उन्हात राजीनं ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या होत्या.

"मग तुमच्याच हातून काहीतरी चुकतंय. असंच चाललं तर जखम चिघळेल."

तिची चूक न्हाय, हे बब्रुवानच्या ओठावर आलं होतं. त्यानं ते गिळलं. धाराशिवहून येरमाळ्यापर्यंत राजी एसटीच्या खिडकीकडं तोंड करून डोळे पुसत राहिली.

घरी त्याला चैन पडेना. अंगणातून गोठ्यात, गोठ्यातून अंगणात. कडब्याची पेंढी सोडायची, परत बांधायची. बायको जाऊन वर्ष झालेलं. घरात बाईमाणूस नाही, म्हणून ऑपरेशनपुरती लेक सासरहून आणली होती. बोली चार दिवसांची होती. ते कधीच उलटले.

शेजारची मथुराबाई गप्प बसणारी नव्हती. "भाऊजी, बाळंतिणीच्या वर लाड चाललेत तुमचे! एका दातापायी लेकीचा संसार मोडताव का?"

"मला काय हौस हाय का, वहिनी?"

रोज संध्याकाळी जावयाचा, कृष्णराजचा, फोन यायचा. "मामा, घाई नाही. आरामात बरे व्हा. राजी नसली की घर खायला उठतं, एवढंच." माणूस मोठा गोड बोलायचा. फोन वाजला की राजीच्या हातून एखादं भांडं हमखास पडायचं.

पुढं उन्हाळ्याची कामं निघाली, बब्रुवान दिवसदिवस रानात राहिला आणि टाळू पुन्हा भरत आली. राजीनं बॅटरी लावून बघितलं.

"भरली, आण्णा," ती म्हणाली. पण हसली नाही.

मथुराबाईनं ती बातमी जावयाला कळवली. दुसऱ्या दिवशी सकाळीच कृष्णराज गाडी घेऊन दारात हजर. पाया पडला, चहा प्याला.

"मामा, आता तोंड बरं झालं म्हणे. आज घेऊन जातो राजीला."

"व्हय. न्यायलाच पायजे," मथुराबाई म्हणाली आणि नारळ, खण, तांदूळ घेऊन आली.

राजीची पिशवी कोपऱ्यात भरलेली होती. "आंबिल करून ठेवलीय, आण्णा. गार झाल्यावर घ्या," ती खाली बघत म्हणाली आणि पाटावर बसली. ओटीसाठी तिनं पदर धरला तशी उजवी बाही कोपरापर्यंत सरकली. हातावर एकाखाली एक डाग होते. सारख्याच लांबीचे. काही जुने, काही अजून गुलाबी.

मथुराबाईच्या ओंजळीतले तांदूळ जागच्या जागी राहिले.

"तव्याचे चटके," कृष्णराज हसला. "लक्षच नसतं हिचं."

राजीनं बाही खाली ओढली. बब्रुवान तिच्या हाताकडं बघतच नव्हता. तो गोठ्याकडं बघत होता.

"जावईबापू, जरा दम धरा," तो म्हणाला. "तोंड धुऊन आलो."

गव्हाणीमागं त्यानं पेंढीतून ज्वारीचं एक धाट उपसलं आणि दातानं न सोलता नखानं सोललं. पात्यासारखी धारदार साल हातात आली. पायाशी तसल्याच सालींचा ढीग पडला होता. त्यांच्या कडांवरचं रक्त वाळून काळं झालं होतं. बब्रुवाननं एकदा अंगणाकडं कान दिला. मग मॅडम सांगायच्या तसं तोंड उघडलं. अजून. अजून.