शाळेचं विरजण

खाणीचा भोंगा थांबला की सुरुंग उडतो. म्हणून तो वाजतोय तोवर वस्तीनं शाळेच्या भिंतीआड पळायचं, हा शिरस्ता. आज भिंतीआड पोचली ती एकटी यल्लव्वा, शाळेत खिचडी रांधणारी.

सुरुंगाच्या धास्तीनं पोरं झोपेत किंचाळायची, म्हणून सरकारनं शाळेच्या जेवणात भीती घालवणारं दही सुरू केलं होतं. पोरं शांत झाली, पाढे म्हणू लागली. ते पाहून शेजारणी विरजण मागायला आल्या. कुणी किती चमचे नेले आणि कुणी वाटी परत केली नाही, सगळं यल्लव्वाच्या तोंडपाठ होतं. स्वतः मात्र ती दम्यापायी दह्याला शिवत नव्हती.

ती धापा टाकत माघारी धावली. दारादारांत माणसं निवांत बसली होती.

"अगं, भोंगा ऐकला नाही का?"

"ऐकला की," चुलीपुढची गिरजा हसली. "पण भाकर करपंल त्याचं काय?"

यल्लव्वानं नातीचा, दुर्गीचा, दंड धरून ओढला.

"आज्जी, किती थरथरतीस गं! थांब, तुला वाटीभर दही आणते." हात सोडवून दुर्गी सावकाश खाणीकाठच्या घराकडे चालू लागली.

भोंगा थांबला.