भित्र्या आईसाठी सिनेमे

"हा बघ, आई. रक्त नाही, भूत नाही, आणि कुत्रा शेवटपर्यंत जिवंत राहतो." रुचा लॅपटॉपवरची यादी वाचत होती. "ह्यात झपाटलेलं घर आहे, पण घर स्वभावाने चांगलं आहे. आणि हा ब्लॅक अँड व्हाइट. ब्लॅक अँड व्हाइट चालतं ना तुला?"

यादीला तिने नावही दिलं होतं : भित्र्या आईसाठी सिनेमे.

दर हॅलोवीनला हे असंच. अमेरिकेतल्या कॅरी गावात, त्यांच्या गल्लीतली भुतांचे वेश केलेली पोरं दारावरून चॉकलेटं घेऊन गेली, की मायलेकी सोफ्यावर एका रजईत शिरायच्या. रुचा भीतीचा नुसता वास लावलेला एखादा सिनेमा शोधून लावायची. कांचन ठरल्या जागी किंचाळायची. रुचा तिचा हात धरायची.

"सिनेमाचं राहू दे. बॉस्टनच्या कॉलेजचा अर्ज? उद्या शेवटची तारीख ना?"

"पाठवत नाहीये." रुचाने मान वर केली नाही. "इथलंच कॉलेज बरंय. वीस मिनिटांवर. रोज घरी येता येईल."

"अगं, महिनाभर निबंध लिहीत बसली होतीस त्याचा!"

"आई, वॉशिंग मशीन थडथडलं तरी तू मला उठवतेस. मी बॉस्टनला गेल्यावर कोणाला उठवणार? बी सीरियस."



सहा वर्षांपूर्वी कांचनचा नवरा वारला, तेव्हा रुचा अकराची होती. रात्र रात्र टक्क जागी असायची, पण भीती वाटते म्हणून कबूल करेल तर शपथ. शेवटी एका रात्री कांचनच उशी घेऊन तिच्या दारात उभी राहिली. "मला भीती वाटतेय गं. तुझ्याजवळ झोपू?" त्या रात्रीपासून पोर शूर झाली, आणि कांचनला भित्रं होऊन राहावं लागलं. नागपूरला होस्टेलवर भाड्याचा व्हीसीआर आणून, बाकीच्या पोरी पळाल्या तरी भुताचा सिनेमा एकटीने संपवणारी ही बाई! सोंग एका हिवाळ्यापुरतं होतं. उतरवायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर, तो हात सोडवेना.

तिने रिमोट उचलला आणि यादीत नसलेला, पोस्टरवरच कुऱ्हाड असलेला सिनेमा लावला.

"आई! हा नको, तू मरशील घाबरून!"

"बघू या."

पाऊण तासात कुऱ्हाड सात वेळा चालली. कांचन दिवाळीचा चिवडा खात होती. तळघराचं दार करकरलं तशी रुचाने रजईत तोंड खुपसलं.

"आता मागून येणार बघ," कांचन म्हणाली. "एवढी माणसं मेली, पण एकालाही दाराला कडी लावायची अक्कल नाही."

मागूनच आला.

रुचाने हळूच डोकं बाहेर काढलं. टीव्हीकडे नाही, आईकडे बघत राहिली.

"तू घाबरत नाहीस."

"नाही."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि वॉशिंग मशीन?"

"त्यालाही नाही."

"यू आर सच अ फ्रॉड, आई!" रुचा ओरडली, आणि तिचा आवाज मध्येच ओला झाला. "मग सहा वर्षं मी कोणाला सांभाळत होते?"

"मलाच की," कांचन म्हणाली. "खूप सांभाळलंस. आता पुरे. अर्ज उघड."

अर्ज भरून तयारच होता, नुसता पाठवायचा राहिला होता. रुचाने नाक पुसलं, एकदा आईकडे पाहिलं आणि बटण दाबलं. अर्ज पोचल्याचं सांगत लॅपटॉपच्या स्क्रीनभर रंगीबेरंगी कागदाचे कपटे उडाले.

आणि कांचन, त्या संध्याकाळी पहिल्यांदाच, खरोखर दचकली.