लख्ख

चेहरा दाखवायचा नाही, आवाज ऐकू द्यायचा नाही, हे शैलाने पक्कं ठरवलं होतं. नवऱ्याच्या माराला कंटाळून इतक्या लांब पळून आल्यावर रेसिपीच्या व्हिडिओत नुसते हात दिसले तरी पुष्कळ.

"अगं, पण धूसर किती दिसतं!" शेजारच्या कुमुदकाकू म्हणाल्या. "माझ्या नव्या फोनवर काढ."

आज त्या फोनवर काढलेल्या व्हिडिओत काकूंनीच आणून दिलेल्या मोठ्या पातेल्यातली कटाची आमटी अशी झकास दिसत होती, की शैला खुशीत लोकांच्या कमेंट वाचायला बसली.

"आता कसं लख्ख दिसतंय! हातावरचा मी दिलेला चटकासुद्धा. निघालोय."

निघालोय? पण कुठे? तिने पातेल्याची कॅमेऱ्याकडची बाजू स्वतःकडे वळवली. काठाखाली ठसठशीत कोरलेलं होतं : 'अंबिका महिला मंडळ, खालची आळी, गुहागर.'