लोणच्याचा खार

केतकीने टॅकोंमध्ये चिकन भरलं, वर चीज पसरलं आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. आई वारल्यापासून ऋजुता गप्पच असायची. या नव्या आईशी तर मोजकंच बोलायची. आज तिच्या आवडीचं जेवण होतं.

पहिल्याच घासाला ऋजुता थांबली. "यात लोणच्याचा खार घातलाय?"

"हो. आवडला नाही?"

"आई घालायची. बाबांनासुद्धा माहीत नव्हतं. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच ना? मी चिकन परतत होते, तेव्हा मागून म्हणालीस, 'थोडा खार घाल.' पहिल्यांदाच एकेरीत बोललीस, म्हणून मला बरंही वाटलं."

"मी तेव्हा क्लासला होते."

नवऱ्याच्या हातातला घास तसाच राहिला. ऋजुताने आपली खुर्ची केतकीच्या अगदी जवळ ओढली.

"अजून काही म्हणाली का आई?"