डोक्यावरची टोपली

वॉशिंग मशीनमधून निघालेली क्रोशाची टोपली सुनेने माझ्यासमोर धरली, तेव्हा ती ओल्या मोज्यासारखी लोंबत होती.

"बाबा, मळली म्हणून धुतली. आईंनी विणलेली शेवटची होती ना?" तिचे डोळे भरले होते.

"खळ गेली, एवढंच. पुन्हा ताठ होईल," मी खात्री नसतानाच म्हणालो.

तिने साबुदाण्याची खळ करून टोपली बुडवली. पण वाळवायची कशावर? एकही पातेलं मापाचं निघेना. शेवटी मी संकोचत सांगून टाकलं, "ही माझ्या डोक्यावर वाळायची."

हसू दाबत तिने माझ्या टकलावर प्लॅस्टिकची पिशवी बांधली, वर टोपली चढवली. उन्हात बसून मी पुस्तक उघडलं. पूर्वी बायको शेजारी बसायची. "मान हलवू नका, पान मी उलटते," म्हणायची आणि नेहमी घाईनेच उलटायची. शेवटच्या दोन ओळी राहून जायच्या. सांगायचा धीर मला कधी झाला नाही.

टोपली आकार धरत होती. पान संपत आलं म्हणून हात उचलला, तशी ती घसरली.

"बाबा, हलू नका." सून शेजारी बसली आणि तिने पान उलटलं.

दोन ओळी राहिल्या होत्या. मी मान न हलवता पुढचं पान वाचू लागलो.