भोंग्यावरचा आदेश

साथ पसरली आणि सरकारने आरोग्य आणीबाणी जाहीर केली, तेव्हा तिच्या लग्नाला जेमतेम महिना झाला होता. नवरा पालिकेच्या गाडीतून भोंग्यावर आदेश वाचून दाखवायचा. कामावरच्यांना घरी जायची मनाई, म्हणून मुक्काम कचेरीतच. रोज दुपारी गाडी गल्लीत शिरली की ती खिडकीत धावायची. “कायद्यानुसार कुणीही घराबाहेर पडू नये,” तो खणखणीत आवाजात बजावायचा आणि वर जोडायचा, “तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी रडू नये, हाही सरकारी आदेशच!” धास्तावलेली गल्ली खळखळून हसायची, ती लाजेने चूर व्हायची. आता दोघंही वयाने थकलेत. तो स्वयंपाकघरातून चहासाठी हाक मारतो, ती ऐकूनही गप्प बसते. “कान तपासून घे एकदा!” तो वैतागून ओरडतो. ती मात्र डोळे मिटून तो चढलेला आवाज घरभर घुमू देते आणि मगच म्हणते, “आले हो!”